बडोद्याच्या पैशातली राणी

आमच्या मंदिरात नवी संगमरवरी पाटी बसवायची ठरली आणि देणगीदारांसाठी एक छापील फॉर्म घरोघरी आला. वर रकाना होता ‘ज्यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली ‘हस्ते’. सासूबाईंच्या नावे द्यायचं हे आमच्याकडे आधीच ठरलं होतं. त्या आयुष्यभर पर्युषणात दहा दिवस एकाशन करायच्या आणि देणगी द्यायची झाली की पाकिटावर फक्त ‘गुप्तदान’ लिहायच्या. आता अशा बाईचं नाव दगडात कोरायचं का, यावर घरात दोन पक्ष पडले. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली राहिला, आणि मी महिला मंडळाच्या सहलीबरोबर मुंबईला गेले.

सहल दर्शनाचीच होती. बोरिवलीला पोदनपूरच्या तीन भव्य मूर्ती पाहिल्या, आदिनाथ, भरत आणि बाहुबली. मान वर करून बघताना दोघीतिघींच्या डोक्यावरचे पदर घसरले. दुसऱ्या दिवशी बरोबरच्या नातवंडांचा हट्ट म्हणून भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलो. बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगावं लागतं. मुलं पेंग्विनपाशी रमली. मी आणि आमच्या मंडळाच्या खजिनदार मात्र भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळलो. तिथे मला एका बाईला भेटायचं होतं. तिच्याबद्दल वाचून झालं होतं, पण तिला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

संग्रहालयाच्या आवारात आधी दगडी हत्ती भेटतो. घारापुरीच्या बेटावर हा उभा होता म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि 1914 साली जोडले गेले. पुढे जुने गव्हर्नर, व्हाइसरॉय वगैरे मंडळींचे पुतळे. त्यांच्यातच संगमरवराच्या सिंहासनावर बसलेली व्हिक्टोरिया राणी.

खजिनदारबाई म्हणाल्या, “हिला कशाला बघायचं?”

मी म्हटलं, “ही आपल्या पैशातून झालीय. बडोद्याच्या.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हिशेबाचं माणूस, पहिला प्रश्न हाच की किती लागले?

एक लाख ब्याऐंशी हजारांवर रुपये लागले, 1872 सालचे. पुतळा घडवला मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने, आणि खर्च केला बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी. फोर्टात तार ऑफिसाजवळ, आजच्या हुतात्मा चौकाच्या परिसरात, गॉथिक धाटणीच्या उंच कोरीव छत्राखाली राणीला बसवलं. छत्रावर इंग्लंडचा गुलाब, हिंदुस्थानचं कमळ आणि मधोमध ‘स्टार ऑफ इंडिया’चा तारा. अनावरण झालं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते. बोटीने मुंबईत उतरलेल्या माणसाला फोर्टात शिरताच कळावं की इथे कोणाचं राज्य आहे, अशीच ती जागा होती. बंदराच्या शहरांत असे पुतळे काही उगाच उभारत नसत. गोदीत माल उतरायचा, कापसाच्या गाठी चढायच्या आणि चौकात मालकीण बसलेली दिसायची.

आता छत्र नाही. ऊन-पावसात राणी नुसती बसली आहे.

खंडेरावांनी हे का केलं? गादीवर आल्यावर एकाच वर्षात 1857 उभं राहिलं आणि त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. मोबदल्यात, घोडदळाच्या एका पलटणीपोटी बडोद्याला दर वर्षी जे तीन लाख रुपये भरावे लागत ते इंग्रजांनी माफ केले. शिवाय स्टार ऑफ इंडियाचा किताब मिळाला. छत्रावरचा तारा तोच. मी खजिनदारबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मांडून टाकलं, “म्हणजे एका वर्षाच्या माफीतसुद्धा पुतळा बसला आणि वर लाखभर उरले.” मला हा हिशेब सुचला नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत याला राजनिष्ठा म्हणतात.

खंडेरावांचा हात सैल होता, हे बडोद्यात कोणालाही विचारा. त्यांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, मकरपुऱ्याचा राजवाडा बांधला. लाखो बसरा मोती ओवलेला एक गालिचा करवून घेतला. तो मदिनेला अर्पण करायचा होता असं सांगतात, पण गेला नाही. 2009 साली दोह्याच्या लिलावात तो सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकला गेला. आणि ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा, त्याला ऐंशी हजार पौंड मोजले असं म्हणतात. हा हिरा 1853 साली ब्राझीलच्या खाणीत काम करणाऱ्या एका गुलाम बाईला सापडला होता. बक्षीस म्हणून तिला गुलामगिरीतून मोकळं केलं. हिरा किती कॅरटचा, त्याला पैलू कोणी पाडले, कोणाच्या गळ्यात गेला, सगळं नोंदलेलं आहे. बाईच्या वाट्याला मात्र बहुतेक पुस्तकांत ‘एक गुलाम स्त्री’ एवढंच येतं.

आणि हे सारे पैसे कोणाचे? कपाशी, तंबाखू पिकवणाऱ्या रयतेच्या सारावसुलीचे. गोत्री तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. आज जिथे आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथे शेतं असणार. चौकातल्या राणीच्या मुकुटाचं एखादं टोक आमच्या पार्किंगमधून गेलेलं असेल, असं मी घरी म्हटलं तर सगळे हसले. बडोदा शहराला अजव्याच्या तलावाचं नळाचं पाणी मिळालं ते 1892 साली, सयाजीरावांच्या काळात. म्हणजे राणी मुंबईत बसल्यावर वीस वर्षं इथल्या बायका विहिरीवरूनच हंडे वाहत होत्या. इतिहास वाचताना मी हे हंडे मोजते, ही माझी खोड समजा.

गंमत म्हणा की दैव, पैसे दिले त्यांनी पुतळा चौकात बसलेला पाहिलाच नाही. खंडेराव 28 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. राणीवरचा पडदा दूर झाला तेव्हा त्यांना जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती.

मला या साऱ्यात खरी ओढ आहे ती त्यांच्या पत्नीची, महाराणी जमनाबाईंची. नवरा गेला तेव्हा त्यांना दिवस गेलेले होते. गादीवर दीर मल्हारराव. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर दिराची. पोटातल्या बाळावर राज्य अडलेलं, आणि भोवती वाडाभर माणसं, त्यातलं कोण कोणाचं ते कळायची सोय नाही. त्या जिवाच्या भीतीने इंग्रज रेसिडेन्सीच्या आसऱ्याला राहिल्या. जुलै 1871 मध्ये मुलगी झाली. ज्या घरांत अजून मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी बर्फी वाटतात, त्या घरांतल्या बायकांना त्या दिवशीची शांतता वेगळी समजावून सांगायला नको. मल्हाररावांची गादी पक्की झाली आणि जमनाबाई लेकीला घेऊन पुण्याला गेल्या.

म्हणजे बघा. 1872 साली मुंबईत नवऱ्याच्या पैशातून एका विधवेचा पुतळा थाटात उघडला जात होता, आणि त्याच वेळी त्याची स्वतःची विधवा परक्या गावात दिवस काढत होती. व्हिक्टोरियाचा नवरा 1861 मध्ये गेला, तेव्हापासून ती काळे कपडे घालायची. शिल्पकाराने तिला पांढऱ्याशुभ्र संगमरवरात, राजवस्त्रांत बसवलं. आपल्याकडे रीत उलटी, पण दोघींच्या अंगावरचा रंग बाकीच्यांनी ठरवावा, एवढं सारखंच.

जमनाबाईंची गोष्ट तिथे संपली नाही, म्हणून तर सांगते. मल्हाररावांचा कारभार बिघडत गेला. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोगाचा आळ त्यांच्यावर आला, आणि 1875 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं. जमनाबाई पुण्याहून परत आल्या आणि त्याच मे महिन्यात त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. आपल्या बडोद्यातली शाळा, वाचनालय, कॉलेज, अजव्याचं पाणी, जे जे आपण त्यांच्या नावे सांगतो त्याच्या मुळाशी या बाईने एका मुलावर ठेवलेलं बोट आहे. त्यांचा नसेल कुठे चौकात मोठा पुतळा. मांडवीला त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे. तिथे जायला रिक्षावाल्याला इतिहास सांगावा लागत नाही. नुसतं “जमनाबाई” म्हटलं की तो म्हणतो, “बेसो बेन.” रोज दहा-वीस बायकांच्या तोंडी ते नाव येतं, बाळंतपणाच्या, तापाच्या, टाक्यांच्या निमित्ताने. खंडेरावांचं नाव असं येत नाही.

आता राणीकडे परत येते, कारण तिच्या नशिबात डांबर होतं.

1896 साली एका रात्री कोणीतरी फोर्टातल्या या पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जुन्या जोड्यांची माळ घातली. मुंबईत खळबळ उडाली, माणूस काही सापडला नाही. पुढच्या वर्षी, 22 जून 1897 रोजी, राणीच्याच राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर हरि चाफेकर पकडले गेले आणि तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी सांगितलं की मुंबईचं ते डांबरही आमचंच. 1898 च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी झाली, पुढच्या वर्षी बाळकृष्ण आणि वासुदेव या भावांना. एका घरातले तीन भाऊ.

शाळेत हे शिकवताना बाईंनी डांबराचा प्रसंग सांगितला की आम्ही टाळ्या वाजवायचो. आजही माझा हात टाळीसाठी उठतो. पण तिथे त्या दगडापुढे उभी राहिल्यावर दुसरंही वाटलं, ते लपवत नाही. आपल्याला लहानपणापासून मूर्तीला ओल्या हातानेसुद्धा जपून शिवायला शिकवलं आहे. घडवलेल्या दगडाची विटंबना पाहिली की आधी अंगावर काटा येतो, दगड कोणाचा हा विचार नंतर. ही राणी काही मूर्ती नव्हती. तिची प्रतिष्ठा कोणी मंत्राने केली नव्हती, तोफांनी केली होती. माझ्या बुद्धीला हे पटतं. काटा काही त्याला विचारून येत नाही.

त्याच 1896 साली, त्याच मुंबईत, जे. जे. स्कूलमध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुणाने मातीत एक मराठी मुलगी घडवली. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली. ‘मंदिरपथगामिनी’ म्हणून ती गाजली. तिला सिंहासन नाही, मुकुट नाही, पाऊल पुढे टाकलेलं आहे. फोर्टातल्या बसलेल्या बाईला डांबर लागलं त्या वर्षी ही चालायला लागली, हा योगायोग मला फार आवडतो. त्यातून काही सिद्ध होत नाही, तरी आवडतो.

डांबर निघेना. हे कसं अवघड आहे ते बायकांना सांगायला नको. ज्यांच्या घरी संगमरवराचा ओटा आहे त्यांना ठाऊक आहे, लिंबू सांडून राहिलं की चकाकी गेलीच. संगमरवर म्हणजे चुनखडीच. आम्ल लागलं की दगडच खाल्ला जातो. घासावं तर ओरखडे. आणि हळद-तेल जसं आत मुरतं तसं डांबरही दगडात उतरतं. मंदिरात दह्या-दुधाचा पंचामृत अभिषेक करावा की नुसत्या पाण्याचा, यावर आपल्यात पंथ पडलेत. त्यात शास्त्राचा भाग किती हे मुनीमहाराज जाणोत, पण संगमरवराचं मत विचारलं तर ते पाण्याच्या बाजूनेच पडेल.

शेवटी राणीला स्वच्छ केलं ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जरांनी. सुरतेचे, सुतार समाजातले, रसायनशास्त्राचे जाणकार. हा माणूससुद्धा बडोद्याचा म्हणायला हवा, कारण बडोदा कॉलेजात ते शिकवत आणि 1890 साली सयाजीरावांच्या पाठबळाने इथलं कलाभवन त्यांनीच उभं केलं. रंगकाम, छपाई, यंत्रकाम मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं हा त्यांचा ध्यास. बाकीचे हरले तिथे त्यांनी दगडाला धक्का न लावता डाग काढला. काळवंडलेले मोती उजळवायची रीतही त्यांनी शोधून काढली होती आणि मुंबईच्या झवेरी बाजारात त्यांचं नाव झालं. आपल्या समाजातली किती घरं मोत्यांच्या धंद्यावर उभी राहिली ते वेगळं सांगत नाही. तिथल्या जुन्या माणसांना गज्जर ठाऊक असत.

मग गज्जर राजनिष्ठ होते का? त्यांनी इंग्रजांच्या राणीचं तोंड धुतलं खरं. पण त्यांचेच शिष्य कोटिभास्कर, आणि भाईलालभाई अमीन, यांच्या जोडीने ‘अलेंबिक’ हा देशी रसायनांचा कारखाना 1907 साली निघाला. स्वदेशीच्या भर काळात. गोत्रीच्या माझ्या घरापासून अलेंबिक रोड लांब नाही. भाजी आणायला जाताना ते नाव मी वाचते. ज्या हाताने राणीचा डाग काढला त्याच हाताने विलायती औषधांना पर्याय द्यायची सुरुवात केली. डांबर फासणारा एक आणि पुसणारा दुसरा, यांत देशभक्त कोण असा निबंध शाळेत घालू नये. मुलं खोटं लिहायला शिकतील.

पुतळ्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. स्वातंत्र्य आलं, चौकांची नावं बदलली, आणि 1965 च्या सुमारास साहेबांचे पुतळे शहरातून काढून राणीच्या बागेत आणले. सातव्या एडवर्डचा काळा घोडाही त्यातच आला. घोडा गेला, तरी त्या भागाचं नाव काळा घोडाच राहिलं. आपल्या सयाजीबागेजवळच्या काळ्या घोड्यावर तर सयाजीरावच बसले आहेत, तो कोणी हलवणार नाही. आणि ज्या चाफेकरांनी पुतळ्याला डांबर फासलं, त्यांचे पुतळे आज चिंचवडच्या चौकात उभे आहेत. त्यांच्या भोवती वाहनं वळसा घालून जातात.

मुंबईहून परतल्यावर चार-पाच दिवसांनी मी बडोदा म्युझियममध्ये गेले. सयाजीबागेत इतक्या वेळा जाते, पण नजरेत नेहमी छोटी झुकझुक गाडी आणि भेळ. या वेळी ठरवून अकोट्याच्या धातुमूर्ती बघायला गेले. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. गोत्रीहून स्टेशनकडे जाताना जे लागतं तेच. 1951 साली तिथे जमिनीखाली पुरून ठेवलेल्या अडुसष्ट जैन मूर्ती सापडल्या. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास करून जगापुढे मांडल्या. त्यांत जीवंतस्वामींची मूर्ती आहे, दीक्षेआधीचे महावीर, मुकुट आणि अलंकारांसह उभे. सहाव्या शतकातली. मुंबईच्या राणीपुढे ही अगदी लहानशी. चौथऱ्यावर बारीक अक्षरं कोरली आहेत. चंद्रकुलातल्या नागीश्वरी या श्राविकेने ही मूर्ती दिली, असं त्यात आहे.

नागीश्वरी. चौदाशे वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीतली बाई. तिच्या नवऱ्याचं नाव त्या ओळीत नाही. मुलाचं नाही. किती खर्च आला तेही नाही. मूर्ती पुरणाऱ्यांनी ती वाचवली ती देवासाठी, तिच्या नावासाठी नव्हे. नाव नुसतं बरोबर राहिलं. काचेपुढे मी बराच वेळ उभी होते. शेवटी रखवालदाराने येऊन विचारलं, “बेन, बंद करवानो टाइम थयो.”

घरी येऊन फ्रिजवरचा फॉर्म काढला. ‘ज्यांच्या स्मरणार्थ’च्या पुढे सासूबाईंचं नाव लिहिलं. नुसतं त्यांचं, पुढे ‘धर्मपत्नी’ वगैरे काही नाही. घरातल्या एका पक्षाला ते अर्धंच पटलं. खालचा रकाना मोकळा ठेवून फॉर्म मंदिरात देऊन आले.

दोन दिवसांनी ट्रस्टींचा फोन. “ताई, हस्ते कोणाचं टाकायचं ते राहिलंय. साहेबांचं टाकू का?”

मी म्हटलं, “नको, काका. हस्ते कोणी नाही.”

“मग ओळ रिकामी दिसेल ना पाटीवर.”

“दिसू द्या,” मी म्हटलं.